दार बंद होतं, मग रिपोर्टमध्ये काय लिहिलं?

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले होते की बाल संरक्षणात काही चुकलं की सगळ्यात आधी कचाट्यात सापडते ती सगळ्यात कमी मानधनाची सोशल वर्कर मुलगी. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आणि मेसेज आलेत तेवढे आख्ख्या वर्षात आले नव्हते, काहींनी पाठ थोपटली, काहींनी चांगलंच झापलं. त्यातली चार घेतेय. नावं-गावं काढलीत, तपशीलही थोडे बदललेत.

प्रश्न : ताई, मी जिल्हा बाल संरक्षण कक्षात कंत्राटी सोशल वर्कर आहे, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली मास्टर्स) होऊन तीन वर्षं झाली. बालगृहातली एक नऊ वर्षांची मुलगी बाल कल्याण समितीच्या (मुलाला कुठे ठेवायचं ते ठरवणारी जिल्ह्याची समिती) ऑर्डरने तिच्या काकाकडे दिली होती. फॉलोअपला गेले तर दार बंद. शेजारच्या काकू म्हणाल्या, सगळे शेतावर गेलेत, पोरगी मजेत आहे. त्या दिवशी मला अजून चार गावं करायची होती आणि गाडी दोन डिपार्टमेंटमध्ये मिळून एक. मी परत आले आणि रिपोर्टमध्ये "मुलीची परिस्थिती समाधानकारक" असं लिहिलं. दोन महिन्यांनी मुलगी सरकारी दवाखान्यात, अंगावर चटके. जिवंत आहे. मला कारणे दाखवा नोटीस आलीये. साहेब म्हणतात, मधल्या तारखेला अजून एक भेट झाली असं दाखव, मी सही करतो, दोघंही वाचू. मला जेल होईल का? मी खरंच दोषी आहे का? रात्री झोप लागत नाही.

उत्तर : अगं, आधी ती मधल्या तारखेची भेट अजिबात दाखवू नकोस. आज साहेबांनी बोलावलं तरी नाही, उद्या चहा पाजून समजावलं तरी नाही. तू आत्तापर्यंत जे केलंयस ती चूक आहे, मोठी चूक आहे, पण ती चूक आहे. न झालेली भेट कागदावर आणलीस की तो गुन्हा होतो, आणि तो पकडायला फार हुशारी लागत नाही, गाडीचं लॉगबुक, तुझ्या फोनचं लोकेशन, ती शेजारीण, एवढं बास आहे. आणि साहेबांची सही तुझ्या सहीच्या वर असते म्हणून ते तुला वाचवतील असं समजू नकोस, वेळ आली की "मी तिच्या रिपोर्टवर विश्वास ठेवून सही केली" हे वाक्य त्यांच्याकडे तयार असतं. माझ्या ३१ वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी किती साहेबांच्या तोंडून ऐकलंय त्याची मोजदाद नाही.

आता दोषाचं. तुला बरं वाटावं म्हणून मी खोटं बोलणार नाही. दार बंद असणं ही तुझी चूक नाही. चार गावं आणि अर्धी गाडी ही पण तुझी चूक नाही. पण तू मुलीला बघितलंच नाहीस आणि "समाधानकारक" लिहिलंस, ते तुझं. "दार बंद, मूल दिसलं नाही, माहिती शेजारणीकडून, पुन्हा भेट लागेल" एवढं जरी लिहिलं असतंस ना, तर आज ती नोटीस तुझ्या टेबलावरून उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवता आली असती, कारण मग प्रश्न असा झाला असता की हे वाचून वरच्यांनी काय केलं. रिकाम्या दाराची बातमी तू वर पोचवलीच नाहीस, आपल्या शाळेत शिकवलेल्या त्या गोड शब्दाने झाकून टाकलीस. समाधानकारक! मला हा शब्द फॉर्ममधून कायमचा काढून टाकावासा वाटतो.

तुझं पत्र वाचताना मला सारखी लंडनची व्हिक्टोरिया क्लिंबिए आठवत होती. आयव्हरी कोस्टमध्ये जन्मलेली मुलगी, आईवडिलांनी चांगलं शिक्षण मिळेल म्हणून आत्येआजीसोबत युरोपला पाठवलेली (हे आपल्याकडच्या किती घरांत होतं बघ, मामाकडे ठेव, काकाकडे ठेव, शिकेल तरी). २५ फेब्रुवारी २००० ला ती गेली, आठ वर्षांची होती, अंगावर १२८ जखमा मोजल्या डॉक्टरांनी. ती आजी आणि तिचा मित्र, दोघांना २००१ मध्ये जन्मठेप झाली. पण त्यानंतर लॉर्ड लॅमिंग यांची जी सार्वजनिक चौकशी झाली ती सगळ्या यंत्रणेची होती, हॉस्पिटलं, पोलीस, हाउसिंगवाले, चार-चार काउन्सिलचे (म्हणजे तिथल्या पालिकांचे) सोशल सर्व्हिसवाले. त्यांनी दाखवून दिलं की किमान १२ वेळा त्या पोरीला वाचवायची संधी होती. एका हॉस्पिटलात अंगावरच्या खुणा खरजेच्या आहेत असं निदान झालं आणि ते एक निदान पुढे सगळ्यांनी उशाला घेतलं. लंडनच्याच हॅरिंगे काउन्सिलमधली जी सोशल वर्कर होती तिने पुढे घरी जाऊन बेल वाजवली, कोणी दार उघडलं नाही, परत गेली, परत तेच, आणि शेवटी समज करून घेतला की कुटुंब फ्रान्सला परत गेलं असेल. पोरगी त्याच घरात थंडगार बाथरूममध्ये होती. त्या काउन्सिलने तिची फाइल ज्या दिवशी बंद केली तो दिवस आणि तिच्या मरणाचा दिवस एकच आहे.

त्या सोशल वर्करने सगळ्या महिन्यांत मिळून मुलीसोबत घालवलेला वेळ अर्ध्या तासापेक्षा कमी. हे वाचलं की राग येतो, यायलाच पाहिजे. पण त्याच रिपोर्टात हेही आहे की तिच्याकडे १९ केसेस होत्या, जेव्हा ठरवून दिलेली मर्यादा १२ ची होती, आणि अनुभव तुझ्याएवढाच, थोडाच. लॅमिंगनी २००३ च्या जानेवारीत जो अहवाल दिला त्यात १०८ शिफारशी होत्या, आणि मला त्यातली जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही की सगळ्यात मोठं अपयश त्यांनी खालच्या माणसांच्या माथी मारलं नाही, वरच्या व्यवस्थापकांच्या नावावर टाकलं. प्रत्यक्षात नोकरी गेली ती त्या सोशल वर्करची. मुलांसोबत काम करायला अपात्र लोकांच्या यादीत तिचं नाव टाकलं, ते काढून घ्यायला ती ट्रायब्युनलपर्यंत भांडली आणि २००५ मध्ये ते निघालं.

जेलचं विचारलंस. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५ मुलाशी क्रूरतेचं आहे, पण ते ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात किंवा नियंत्रणात मूल आहे त्याला लागतं. मूल काकाच्या ताब्यात होतं. साधारण हाच मुद्दा अमेरिकेत गाजला, लॉस एंजेलिसजवळ पामडेलला २०१३ मध्ये गॅब्रिएल फर्नांडेझ नावाचा आठ वर्षांचा मुलगा आई आणि तिच्या मित्राच्या मारहाणीत गेला, २०१६ मध्ये चार सोशल वर्करांवर थेट फौजदारी केस झाली, मुलाचा छळ होऊ दिला आणि रेकॉर्ड खोटं केलं असे आरोप. चार वर्षं ती केस चालली आणि २०२० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की मुलाचा ताबा यांच्याकडे नव्हता, हे आरोप टिकत नाहीत. यात आनंद मानावा असं काही नाही, पोराचं पोस्टमॉर्टम वाचवत नाही. तुला एवढंच सांगते की अटकेची भीती डोक्यात घेऊन साहेबांच्या खोट्या कागदावर सही करायला जाऊ नकोस. वकील मात्र घे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न बघत नाहीत.

उत्तरात काय लिहायचं ते पण सांगते. जे झालं ते तारखेसकट, जसंच्या तसं. मूल पाहिलं नव्हतं हे स्वतःहून, पहिल्याच परिच्छेदात. मग त्या महिन्यात तुझ्याकडे किती केसेस होत्या, कक्षातल्या किती जागा रिकाम्या आहेत, गाडीसाठी तू कधी लेखी मागणी केली होतीस का, केली असशील तर आवक-जावक नंबर आणि पोच. केली नसशील तर केली असं लिहू नकोस. शेवटी समितीने मुलीला काकाकडे द्यायच्या आधीचा सामाजिक तपासणी अहवाल कोणी केला होता, काकाच्या बायकोशी कोण बोललं होतं, हे विचार. मला तर वाटतं खरी गोम तिथेच असणार. मुलीला भेटायला जावंसं वाटेल, पण आत्ता एकटी जाऊ नकोस, तिला जबाब बदलायला लावायला आली होती असं कोणीतरी म्हणणारच.

आणि झोपेचं. १९९० च्या दशकात मी एका मुलाला त्याच्या सावत्र आईच्या समोर विचारलं होतं, "इथे बरं वाटतं ना रे बाळा?" तो हो म्हणाला, मी टिक केली, चहा प्यायला, निघाले. सहा महिन्यांनी तो मला दुसऱ्या शहरातल्या स्टेशनवर सापडला. त्याने मला ओळखलं आणि तोंड फिरवलं. माझी नोकरी गेली नाही, नोटीस सोड, कोणी विचारलं पण नाही. ते बरं झालं असं मला कधीच वाटलं नाही.

प्रश्न : नमस्कार ताई, मी पुण्यात एमएसडब्ल्यू केलं, आता इंग्लंडमध्ये एका काउन्सिलच्या चिल्ड्रन्स टीममध्ये आहे. तुमचं "कमी पगाराची मुलगी सापडते" हे वाक्य मला थोडं भावनिक वाटलं. इथे आमचं रजिस्ट्रेशन असतं, चुकलं तर उघड सुनावणी होते, नाव वेबसाइटवर येतं. टेन्शन येतं पण मला ते योग्य वाटतं. भारतात असं काही का आणत नाहीत? तिकडे तर कोणी पण स्वतःला समाजसेवक म्हणवतं.

उत्तर : भावनिक आहेच रे ते, मान्य. आणि शेवटच्या वाक्याला तर माझी दोन्ही हातांनी टाळी. तुमच्याकडे २००५ पासून "सोशल वर्कर" हे बिरुद कायद्याने राखीव आहे, रजिस्टरवर नाव नसेल तर लावता येत नाही. आमच्याकडे चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारे जेवढे फोटो असतात ते सगळे समाजसेवक. डॉक्टरला मेडिकल कौन्सिल, वकिलाला बार कौन्सिल, सोशल वर्करला काय? तर कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायचं नाही. बास, झाली जबाबदारी निश्चित. ती मुलगी पुढच्या जिल्ह्यात दुसऱ्या एनजीओत लागते आणि आधी काय झालं, का झालं, हे कोणालाच कळत नाही, तिला स्वतःला पण नीट कळलेलं नसतं. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्यात (आरोग्य क्षेत्रातल्या व्यावसायिकांच्या नोंदणीचा) मेडिकल आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर आलेत, पण बाल संरक्षणात गावोगाव फिरणारी बाई त्या यादीत कुठे बसते?

तर रजिस्टर हवं, लायसन्स हवं, सुनावणी हवी. पण तुमच्याकडचं सगळंच उचलून आणायला मी तयार नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच हॅरिंगेत आहे. व्हिक्टोरियानंतर सातच वर्षांनी, ३ ऑगस्ट २००७ ला, त्याच भागात पीटर कॉनेली गेला, सतरा महिन्यांचा, पेपरांनी त्याला बेबी पी म्हटलं. पन्नासहून जास्त जखमा, आणि आठ महिन्यांत डॉक्टर, नर्स, सोशल वर्कर, पोलीस मिळून साठेक वेळा कोणी ना कोणी त्याला पाहिलेलं. सोशल वर्कर आली तेव्हा चेहऱ्यावर चॉकलेट फासलं होतं, वळ दिसू नयेत म्हणून. हे मी ट्रेनिंगमध्ये नेहमी सांगायचे, मुलाचा चेहरा पुसायला लावा, पुसल्याशिवाय निघू नका.

मग काय झालं ते तुला माहितीच असेल, वाचकांसाठी लिहिते. एका मोठ्या टॅब्लॉइडने सह्यांची मोहीम काढली, दहा लाखांहून जास्त लोकांनी सोशल वर्करांना काढा म्हणून सह्या केल्या. १ डिसेंबर २००८ ला मंत्री एड बॉल्स यांनी टीव्हीवर लाइव्ह पत्रकार परिषदेत चिल्ड्रन्स सर्व्हिसेसच्या प्रमुख शॅरन शूस्मिथ यांना हटवलं. त्यांची बाजू न ऐकता. २०११ मध्ये अपील कोर्टाने ते बेकायदा ठरवलं आणि शेवटी काउन्सिलला लोकांच्याच पैशातून सुमारे ६ लाख ८० हजार पौंड मोजावे लागले. आणि केस हाताळणारी सोशल वर्कर आणि तिची मॅनेजर, त्या दोघींना आधी लेखी ताकीद देऊन सोडलं होतं, बोंबाबोंब झाल्यावर त्याच गोष्टीसाठी परत चौकशी लावून २००९ मध्ये काढलं, आणि ते मात्र कोर्टात टिकलं. म्हणजे बघ, वरच्या बाईकडे वकील करायची ताकद होती, तिला भरपाई, खालच्या दोघी घरी. माझं भावनिक वाक्य मी मागे घेत नाही.

त्याहून मोठा परिणाम वेगळाच झाला. त्यानंतर इंग्लंडमध्ये मुलं ताब्यात घेण्यासाठीचे कोर्टातले अर्ज वर्षाला साडेसहा हजारांच्या आसपास होते ते पुढच्याच वर्षी पावणेनऊ हजारांवर गेले. यातल्या काही मुलांचा जीव वाचला असेलच, नाकारत नाही. पण घाबरलेला सोशल वर्कर आधी स्वतःला वाचवतो, "काढून घ्या मूल, उद्या काही झालं तर माझ्यावर नको." आणि गरीब आईचं मूल काढणं कायम सोपं असतं, तिकडे पण आणि इकडे पण. प्राध्यापक आयलीन मन्रो यांच्या इंग्लंडच्या बाल संरक्षणावरच्या २०११ च्या अहवालाचं सार माझ्या भाषेत सांगायचं तर, प्रत्येक मृत्यूनंतर आपण एक नवा फॉर्म काढतो, आणि फॉर्म भरता भरता मूल बघायचंच राहतं. तू रोज लॅपटॉपसमोर किती वेळ असतोस आणि मुलांसमोर किती, ते प्रामाणिकपणे मोजून कळव, पुढच्या अंकात छापते.

प्रश्न : मॅडम, तुम्ही सोशल वर्कर लोकांची फार बाजू घेता. मी रिटायर्ड बँक मॅनेजर आहे. आमच्या ब्रँचमध्ये कॅश शंभर रुपये कमी आली तर घरी जाऊ देत नव्हते. इथे लेकरं मरतात आणि यांना मेमो! दोन-चार जणांना आत टाका, आपोआप सरळ होतील.

उत्तर : साहेब, टाकलेत ना आत. बिहारमध्ये मुजफ्फरपूरच्या बालिकागृहाची केस आठवून बघा. सरकारी अनुदानावर चालणारं गृह, इन्स्पेक्शन होत होतं, रजिस्टरं टापटीप, आणि आत ३० हून जास्त मुलींवर अत्याचार. २०१८ मध्ये ते बाहेर कसं आलं? आपल्या मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटच्या "कोशिश" टीमने बिहारमधल्या संस्थांचं सोशल ऑडिट केलं, त्यांची माणसं मुलींशी वेगळं बसून बोलली, म्हणून. तेही सोशल वर्करच होते हं. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या साकेत कोर्टाने १९ जणांना दोषी धरलं, त्यात मालक ब्रजेश ठाकूर तर होताच, पण जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीचे लोक होते, बाल संरक्षण अधिकारी होता, आणि बाल संरक्षण कक्षाच्या तेव्हाच्या सहायक संचालक बाई, त्या कशासाठी? तर माहिती असून कळवलं नाही यासाठी. अशांची बाजू मी एक ओळही घेणार नाही.

पण तुमच्याच बँकेचं उदाहरण घेऊ. शंभर रुपये कमी आले तर कॅशियरला थांबवायचात, बरोबर. पण एका कॅशियरला चार काउंटर सांभाळायला लावले असते, तिजोरीची दुसरी किल्लीच कोणाकडे नसती आणि ऑडिटरने न मोजता सही केली असती, तर? चौकशी कोणाकोणाची झाली असती? नियमाने बालगृहाची तपासणी जिल्ह्याच्या निरीक्षण समितीने दर तीन महिन्यांनी करायची असते. ती खरंच किती ठिकाणी होते आणि किती ठिकाणी सत्कार, नारळ, मुलांचं स्वागतगीत आणि ग्रुप फोटो होतो, हे एकदा तुमच्या जिल्ह्यात माहितीच्या अधिकारात विचारा. रिटायर्ड आहात, वेळ आहे, हिशोब कळतो. टोमणा नाही हा, खरंच विनंती आहे.

प्रश्न : मी झेडपी शाळेत शिक्षिका आहे. चौथीतल्या एका मुलीच्या बोलण्यातून तिच्यासोबत घरात काहीतरी घाण होतंय असा संशय आलाय. मुख्याध्यापक म्हणतात, पक्कं कळल्याशिवाय बोलू नका, शाळेचं नाव खराब होईल, उलट केस आपल्यावर येईल. काय करू?

उत्तर : आजच कळवा. हे वाचून झालं की लगेच. पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम १९ मध्ये पक्कं कळायची अट नाहीये, शंका आली तरी पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर केस होत नाही हेही त्यातच लिहिलंय. उलट न कळवणाऱ्यावर कलम २१ आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि ते तुमच्या मुख्याध्यापकांनाही लागतं. त्यांना चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहाची केस सांगा, तिथल्या मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरवर न कळवल्याचा गुन्हा होता, हायकोर्टाने तो रद्द केला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत उभा केला. बदलापूर तर २०२४ चंच आहे, तिथेही शाळा चालवणाऱ्यांवर याच कलमाने गुन्हा दाखल झाला.

१०९८ वर, म्हणजे चाइल्ड हेल्पलाइनला, फोन केलात तर वेळ आणि समोरच्याचं नाव वहीत लिहून ठेवा, पण पोलिसांना लेखी द्याच आणि पोच घ्या. मुलीला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका, तिने जे शब्द वापरले तेच लिहा, तुमचे घालू नका. घरच्यांना फोन करून "असं असं कळलंय" हे तर चुकूनही करू नका, ती संध्याकाळी त्याच घरी जाणार आहे. आणि उद्या ती वर्गात आली नाही तर तब्येत बरी नसेल म्हणून हजेरीत गैरहजर टाकून मोकळ्या होऊ नका, पहिल्या तासाला ठाण्यात फोन लावा.